नडगीच्या खालच्या भागातलं फ्रॅक्चर : छेद छोटा, मग थांबायचं कशासाठी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवऱ्याचं वय ४६. शिडीवरून पडून नडगीचं हाड घोट्याच्या चार बोटं वर मोडलं, त्याला आज चार दिवस झाले. पाय स्लॅबमध्ये, म्हणजे एका बाजूच्या प्लास्टरमध्ये, आहे, सूज भरपूर आहे आणि कातडीवर पाण्याचे फोड आले आहेत. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, तंबाखूची सवय आहे. एका डॉक्टरांनी सांगितलं की आठ-दहा दिवसांनी छोट्या छेदातून प्लेट बसवू. दुसरे म्हणाले, रॉड टाकू. ताई विचारतात : ‘ऑपरेशन एवढं छोटं आहे तर आजच का करत नाहीत? थांबल्यामुळे हाड वाकडं जुळणार नाही ना? प्लेट चांगली की रॉड? आणि छेद छोटा म्हणजे महिनाभरात कामावर जाता येईल ना?’

ताई, चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत आहे : छेद छोटा, म्हणजे ऑपरेशन छोटं, म्हणजे दुखणंही छोटं. तिथेच गडबड होते. छोटा छेद हा व्रण लहान राहावा म्हणून घेत नाहीत. मोडलेल्या हाडाभोवतीचं आवरण आणि त्यातला रक्तपुरवठा जसाच्या तसा राहावा म्हणून घेतात. हे एकदा पटलं की बाकीची उत्तरं बरीचशी आपोआप मिळतात. मी एक्स-रे पाहिलेला नाही, पायही पाहिलेला नाही. त्यामुळे ‘यांना हेच करा’ असं सांगणार नाही. पण अशा पायांकडे बघताना आम्ही हाडांचे सर्जन काय विचार करतो ते सांगू शकतो.

स्वतःच्या नडगीवरून बोट फिरवत खाली घोट्यापर्यंत या. आतल्या बाजूला बोट आणि हाड यांच्यामध्ये कातडी सोडली तर जवळपास काही नाही. मागे पोटरीचे स्नायू आहेत, पण तेही खाली येता येता दोरीसारखे स्नायुबंध होतात. स्नायूंचं पांघरूण असलेल्या हाडाला भोवतालून रक्त मिळतं. इथे ती सोय नाही. नडगीची मुख्य पोषक धमनी मागच्या बाजूने वरच्या भागात हाडात शिरते आणि आतून खाली उतरते. हाड खाली मोडलं की ही आतली वाट तिथेच तुटते. मग खालच्या तुकड्याची भिस्त राहते ती हाडाला चिकटलेल्या पातळ आवरणातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्यावर. मोठा छेद घेऊन, हाड नागडं करून प्लेट बसवली तर नेमकं हेच जाळं खरवडलं जातं. मृतदेहांच्या पायात रंग भरून अभ्यास झाले आहेत. उघडून बसवलेल्या प्लेटखाली हे जाळं जास्त तुटतं आणि कातडीखालून सरकवलेल्या प्लेटखाली ते बरंच वाचतं, असं त्यांत दिसलं.

आमच्या क्षेत्राला हा धडा सहज मिळालेला नाही. १९५८ साली स्वित्झर्लंडमधल्या सर्जननी ‘एओ’ गट स्थापन केला. हाड उघडा, तुकडे तंतोतंत जुळवा, घट्ट बांधा, सांधा लवकर हलवा, ही त्यांची शिकवण. १९६९ मध्ये रुएडी आणि आलग्योवर या स्विस सर्जननी याच पद्धतीने नडगीच्या खालच्या टोकाच्या फ्रॅक्चरचे उत्तम निकाल मांडले. पण त्यांचे बरेचसे रुग्ण बर्फावर स्कीइंग करताना पडलेले होते, म्हणजे कातडीला बसलेला मार तुलनेने कमी. तीच पद्धत गाडीच्या अपघातातल्या आणि उंचावरून पडलेल्या पायांवर वापरली गेली तेव्हा जखमा उघडल्या, पू झाला, काहींच्या हाडापर्यंत जंतुसंसर्ग गेला. पुढे १९९०च्या दशकात दोन गोष्टी रुळल्या. एक, कातडी निवेपर्यंत थांबायचं. दुसरी, हाड न उघडता प्लेट आत सरकवायची. तुमच्या पहिल्या डॉक्टरांनी या दोन्ही सांगितल्या आहेत.

आता ‘आजच का नाही’ याबद्दल. ऑपरेशनची तारीख एक्स-रेवर नाही, कातडीवर ठरते. हाड मोडताना जो झटका बसला तो कातडीनेही सोसलेला असतो. पहिले काही दिवस ती ताणलेली, चकचकीत, गरम असते. त्या कातडीला तीन-चार सेंटिमीटरचा छेद दिला आणि खाली प्लेटची जाडी भरली, तर टाके ताणाखाली येतात आणि कडा काळ्या पडतात. छेद छोटा असला तरी प्लेट लांबच असते, आणि ती सगळी त्याच सुजलेल्या कातडीखाली जाते. हा मुद्दा नातेवाइकांच्या हमखास निसटतो. फोडांमध्येही फरक असतो. स्वच्छ पाणी असलेले फोड वरवरचे असतात. रक्ताळलेले फोड म्हणजे इजा खोलवर आहे आणि ते भरायला जास्त वेळ लागतो. रक्ताळलेल्या फोडातून आम्ही छेद नेत नाही. फोड कुठल्या प्रकारचे आहेत ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि घरी सुईने फोडू नका.

आम्ही वाट बघतो ती सुरकुत्यांची. घोटा थोडा हलवल्यावर किंवा कातडी बोटांनी हलकेच सरकवल्यावर बारीक सुरकुत्या दिसायला लागल्या की सूज उतरली असं धरतो. साधारण सात ते चौदा दिवस लागतात, मार मोठा असेल तर तीन आठवड्यांपर्यंतही. या काळात पाय नुसता पलंगावर ठेवून भागत नाही. तो हृदयाच्या पातळीपेक्षा थोडा वर हवा, गुडघ्याखाली आणि पोटरीखाली आधार हवा, टाच मात्र मोकळी. टाच दाबली गेली तर तिथे जखम होते, आणि मधुमेहात ती फार छळते. पायाची बोटं दिवसभर हलवत राहायला सांगा.

उशिराने हाड वाकडं जुळेल ही भीती या मुदतीत धरायचं कारण नाही. दोन आठवड्यांत तिथे जे तयार होतं ते मऊ असतं, आणि ओढ देऊन हाड सरळ करता येतं. तीन आठवड्यांपलीकडे गेलं की मात्र न उघडता जुळवणं जड जातं. म्हणजे थांबायलाही मर्यादा आहे. हाड फारच आखडलं असेल किंवा स्लॅबमध्ये स्थिर राहत नसेल, तर मधल्या काळासाठी बाहेरून सळ्या लावून, म्हणजे एक्स्टर्नल फिक्सेटर लावून, लांबी टिकवतात. ते बघून घरचे घाबरतात, पण खरं तर त्यानेच सूज लवकर उतरते आणि पुढचं ऑपरेशन सोपं होतं. उघडं फ्रॅक्चर असेल, म्हणजे जखमेचा हाडाशी संबंध असेल, तर हे सगळं गणित बदलतं. तिथे जखम धुणं लगेच करावं लागतं. तुमच्या वर्णनात तसं काही नाही.

प्लेट की रॉड? यावर दोन डॉक्टरांची दोन मतं असली म्हणून त्यांतलं एक चुकीचं असेलच असं नाही. रॉड गुडघ्याजवळून हाडाच्या पोकळीत जातो, त्यामुळे घोट्याजवळची कातडी वाचते आणि वजन तुलनेने लवकर टाकता येतं. पण नडगीची पोकळी खाली रुंद होत जाते. तिथे रॉड सैल बसतो आणि खालचा तुकडा आत-बाहेर कलू शकतो. शिवाय खालच्या तुकड्यात आडवे स्क्रू बसायला पुरेशी जागा लागते. काहींना नंतर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, मांडी घालताना किंवा गुडघे टेकताना जास्त. प्लेट खालच्या छोट्या तुकड्याला जास्त स्क्रूंनी धरते, पण कातडीखालच्या धातूचा त्रास आणि जखमेचे प्रश्न तिच्या वाट्याला येतात. ब्रिटनमध्ये ३२१ रुग्णांवर या दोन पद्धतींची थेट तुलना झाली. तिचे निकाल २०१७ मध्ये आले, आणि सहा महिन्यांनी पायाच्या कामकाजात दोन्ही गटांत ठोस फरक आढळला नाही. म्हणून माझा कल असा : सांध्यापासून पुरेसं अंतर असेल आणि कातडी खराब असेल, त्यातून मधुमेह आणि तंबाखू, तर मी आधी रॉडचा विचार करतो. तुकडा फार छोटा असेल किंवा भेग सांध्याकडे जात असेल तर प्लेट. ज्या सर्जनचा हात ज्या पद्धतीत बसलेला आहे, त्यालाही वजन द्यावंच लागतं.

भेग सांध्यात गेली आहे का, हे साध्या एक्स-रेत चुकू शकतं. पीळ बसून तिरकं मोडलेल्या हाडात घोट्याच्या मागच्या बाजूला एक बारीक तडा लपलेला असतो, आणि तो बऱ्याचदा फक्त सीटी स्कॅनमध्येच दिसतो. तो आधी कळला तर एखादा स्क्रू टाकून धरता येतो. नाही कळला तर रॉड ठोकताना तो सरकू शकतो. सांध्याचा पृष्ठभागच खाली-वर झाला असेल, तर तेवढा भाग नीट उघडून, डोळ्यांनी बघूनच जुळवावा लागतो. तिथे छोट्या छेदाचा हट्ट धरू नये. वरचा भाग मात्र तेव्हाही न उघडता प्लेटने बांधता येतो.

आत नेमकं काय करतो, तेही सांगतो, कारण ‘न उघडता कसं जुळवतात?’ हे जवळपास प्रत्येकजण विचारतो. आधी लांबी आणि सरळपणा मिळवायचा. सहायक पाय ओढून धरतो किंवा फिक्सेटरनेच ओढ देतो, आणि सी-आर्मच्या, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर हाड बघत राहायचं. कधी कातडीला टोचभर छिद्र पाडून टोकदार चिमट्याने तिरकी भेग मिटवतो. मग आतल्या घोट्यावर तीन-चार सेंटिमीटरचा छेद. तिथे घोट्याच्या किंचित पुढून एक शीर आणि तिच्या सोबतीने एक बारीक मज्जातंतू जातो. ती दोन्ही बाजूला सारून, हाडाचं आवरण न खरवडता त्याच्या वरून बोथट हत्याराने वरच्या दिशेला बोगदा करायचा, आणि त्यातून नाडी ओवावी तशी प्लेट सरकवायची. दुसरा हात नडगीवर बाहेरून ठेवलेला असतो. प्लेटचं टोक कुठे पोचलंय ते कातडीखाली बोटांना लागतं, आणि ते हाडाच्या मध्यावरून पुढे-मागे घसरलं तर तिथेच कळतं. वर आणखी एक छोटा छेद, आणि मधले स्क्रू सेंटिमीटरभराच्या टोच्यांतून.

यात एक क्रम पाळावा लागतो. लॉकिंग स्क्रूच्या डोक्याला आटे असतात आणि ते प्लेटच्या भोकात फिरून घट्ट बसतात. त्यामुळे प्लेट हाडावर दाबली न जाताही पकड मिळते, आणि खालचं आवरण चिरडत नाही. पण याच गुणामुळे, हाड वाकडं असताना लॉकिंग स्क्रू टाकले तर हाड त्या वाकड्या स्थितीतच कायम होतं. म्हणून आधी एखाद्या साध्या स्क्रूने प्लेट आणि हाड एकमेकांजवळ आणायचं, पडद्यावर दोन्ही बाजूंनी बघायचं, आणि मगच लॉकिंग. प्लेट हाडापासून वर उचललेली राहिली तर तीच नंतर कातडीला आतून टोचते.

न उघडता काम करण्याची कमजोर बाजूही इथेच आहे. तुकडे डोळ्यांना दिसत नसल्यामुळे पाय किंचित वाकडा किंवा पिळलेला राहू शकतो. सरळपणा तपासायला आम्ही कॉटरीची (रक्तस्राव थांबवणाऱ्या विजेच्या उपकरणाची) वायर खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत ताणून धरतो. सी-आर्ममध्ये ती गुडघ्याच्या मध्यावरून जायला हवी. पीळ मात्र एक्स-रेत नीट कळत नाही. त्यासाठी दुसऱ्या पायाचा पंजा किती बाहेर वळतो ते आधी बघून ठेवतो आणि त्याच्याशी ताडून पाहतो. साधारणपणे पाच अंशांपर्यंतचा आत-बाहेरचा कल, दहा अंशांपर्यंतचा पीळ आणि एक सेंटिमीटरपर्यंतचा आखूडपणा चालतो असं मानतात. मी कलाच्या बाबतीत जास्त काटेकोर असतो, कारण घोट्याचा सांधा अगदी खालीच आहे आणि भार एका कडेला पडत राहिला तर त्याची झीज होते.

ऑपरेशननंतरचा एक्स-रे हातात आला की पुढचा प्रश्न ठरलेला : ‘डॉक्टर, मधली तीन भोकं रिकामी का? स्क्रू विसरलात का?’ विसरत नाही, मुद्दाम सोडतो. हाडाचा चुरा झाला असेल तर प्लेट पुलासारखी दोन्ही टोकांना धरते आणि मधल्या भागाला किंचित हालचाल मिळू देते. त्या सूक्ष्म हालचालीमुळेच हाडाभोवती नवं हाड, म्हणजे कॉलस, तयार होतं. सगळी भोकं भरली तर प्लेट फार ताठ होते. हालचाल जास्त झाली तरी हाड जुळत नाही. या हालचालीचं गणित स्विस संशोधक स्टेफान पेरेन यांनी मांडलं : फटीतला ताण, म्हणजे फटीच्या रुंदीच्या तुलनेत तिथली हालचाल, दोन टक्क्यांच्या आत असेल तर हाड कॉलसशिवाय थेट जुळतं, साधारण दहा टक्क्यांपर्यंत कॉलसमधून जुळतं, त्यापलीकडे गेला तर जुळणं अवघड. म्हणूनच दोनच तुकड्यांचं साधं फ्रॅक्चर जास्त फसवं असतं. सगळी हालचाल एकाच बारीक फटीत एकवटते. तिथे फट नीट मिटवून एक दाबणारा स्क्रू टाकणं, किंवा प्लेट भरपूर लांब घेऊन स्क्रू विरळ ठेवणं, यांपैकी काहीतरी विचारपूर्वक करावं लागतं. लांबीचा अंदाज असा : चुरा झालेल्या भागाच्या दोन-तीन पट, साध्या भेगेसाठी आठ-दहा पट, आणि निम्म्याहून कमी भोकांत स्क्रू.

बाहेरच्या बाजूचं बारीक हाडही मोडलं असेल तर ते बांधायचं की नाही, यावर आमच्यातच एकमत नाही. फ्रॅक्चर घोट्याच्या अगदी जवळ असेल, किंवा ते बांधल्याने लांबी नीट मिळणार असेल, तर मी बांधतो. वर मोडलं असेल तर बहुतेक वेळा सोडून देतो.

राहिला कामावर जाण्याचा प्रश्न, आणि इथे ताईंना नाराज करावं लागणार. टाके चौदा-पंधरा दिवसांत निघतात, हाड मात्र आपल्याच गतीने जुळतं. घोटा हलवायला आम्ही पहिल्या काही दिवसांतच सांगतो. पहिले सहा आठवडे पंजा जमिनीला नुसता टेकवायचा, भार कुबड्यांवर किंवा वॉकरवर. एक्स-रेत कॉलस दिसू लागला की हळूहळू वजन, आणि पूर्ण वजन साधारण तीन महिन्यांच्या आसपास. हाड पक्कं जुळायला चार ते सहा महिने धरा. बैठं काम असेल आणि पाय वर ठेवायची सोय असेल तर महिना-दीड महिन्यात जाता येईल. पुन्हा शिडीवर चढायचं काम असेल तर निदान पाच-सहा महिने तरी नाही. त्याआधी दुखत नाही म्हणून चालायला लागले तर भार प्लेटवर येतो, आणि वारंवार वाकून धातूही तुटतो. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झाली असेल तर धोका दुप्पट, कारण दुखणं ही जी सूचना मिळते तीच त्यांना मिळत नाही. अशा रुग्णांचा वजन न टाकण्याचा काळ आम्ही बराच वाढवतो. ऑपरेशनआधी त्यांच्या तळपायाची संवेदना आणि पायातली नाडी तपासून घ्या.

थांबण्याचे हे आठ-दहा दिवस वाया जात नाहीत. साखर आटोक्यात आणायची असेल तर हीच वेळ, गरज पडली तर काही दिवस इन्सुलिनवर. आणि तंबाखू आजपासून बंद. खाल्ली काय, ओढली काय, निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आखडवतंच, आणि इथे सगळा जीव त्या बारीक रक्तवाहिन्यांवर आहे. आपण एवढी खटपट करून वाचवलेलं जाळं रुग्णाने स्वतःच आवळायचं, याला काही अर्थ नाही.

नंतरच्या दोन तक्रारी आधीच सांगून ठेवतो. आतल्या घोट्याभोवती बधिरपणा राहू शकतो, तो त्या बारीक मज्जातंतूमुळे, आणि बहुतेकांचा हळूहळू कमी होतो. दुसरी, प्लेट हाताला लागते, बुटाच्या कडेला घासते. सडपातळ माणसांना जास्त. हाड पक्कं जुळल्यावर, साधारण दीड वर्षानंतर, ती काढता येते, पण त्रास नसेल तर काढलीच पाहिजे असं नाही. टायटॅनियमचे लॉकिंग स्क्रू प्लेटमध्ये इतके घट्ट अडकतात की त्यांची डोकी झिजतात, आणि कधी घालण्यापेक्षा काढणं जास्त वेळखाऊ होतं.

आत्ता, या वाट बघण्याच्या दिवसांत, पुढच्यापैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्री असेल तरी दवाखाना गाठा : गोळ्यांनी न थांबणारं आणि वाढत जाणारं दुखणं, पायाची बोटं कुणी हलकेच वर ओढली तरी कळ येणं, बोटं गार किंवा निळसर पडणं, मुंग्या किंवा बधिरपणा वाढणं, ताप, स्लॅबमधून घाण वास, अचानक धाप लागणं किंवा छातीत दुखणं. स्लॅब घट्ट वाटत असेल तर ‘सहन करा’ हे उत्तर मान्य करू नका, तो उघडून बघायला लावा. आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : सीटी स्कॅन केला आहे का, सांध्यापासून भेगेचं अंतर किती आहे, आणि कातडीवर काय दिसल्यावर तुम्ही तारीख ठरवणार आहात.